थोडं पुढे घ्या!

आपल्याकडे दोन गोष्टी मोजून करायच्या नसतात, अशी सर्वांची ठाम समजूत आहे. एक आमटीतलं मीठ आणि दुसरं जुन्या पेट्रोल इंजिनाचं टायमिंग. मिठाबद्दल माझी तक्रार नाही. मीठ टाकणारी बाई निदान जेवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे तरी बघते, आणि खारट झालंच तर बटाटा आहे. टायमिंग लावणारा माणूस मात्र डिस्ट्रिब्युटर मुठीत धरतो, डोळे मिटतो, मान एका अंगाला कलती करतो, भैरवी ऐकणाऱ्या रसिकासारखा चेहरा करतो, दोनदा पुढे-मागे करतो आणि 'हां!' म्हणतो. झालं. नट आवळला जातो, हात फडक्याला पुसले जातात, आणि आपण खिशात हात घालतो. पुढे घाटात पिस्टन फुटतो तेव्हा हा रसिक तिथे नसतो. तिथे आपण असतो. आणि बटाट्यानं पिस्टन दुरुस्त होत नाही.

माझं भांडण त्या मुठीशी नाही. त्या कानाशी आहे. 'आपण टायमिंग कानानं लावतो' हे वाक्य आपल्या गॅरेजांतून ज्या अभिमानानं उच्चारलं जातं, त्या अभिमानानं एखादा डॉक्टर 'आपण ताप चेहऱ्यावरून ओळखतो' असं म्हणाला, तर आपण चप्पल घालून बाहेर पडू. पण तेच वाक्य हाताला ग्रीस लागलेला माणूस म्हणाला की आपल्याला तो थोर वाटतो. घराण्याचा वाटतो. शेजारी उभा असलेला दुसरा कोणीतरी, ज्याचा गाडीशी काहीही संबंध नसतो, तोही मग मान डोलावून म्हणतो, "थोडं पुढे घ्या!" एस.टी.चा कंडक्टर आणि डिस्ट्रिब्युटरभोवती जमलेली माणसं, यांना या एकाच वाक्यात जगातले सगळे प्रश्न सुटताना दिसतात.

ज्यांनी आयुष्यात कधी बॉनेट उघडलं नाही अशा सुखी वाचकांसाठी हे टायमिंग म्हणजे काय ते आधी सांगतो. शाळेत तीस वर्षं शास्त्र शिकवल्यामुळे न विचारता समजावून सांगण्याची खोड मला आहे, ती सोसून घ्यावी.

कोकणातल्या ओटीवरचा झोपाळा डोळ्यांसमोर आणा. झोपाळा मागे येतो, क्षणभर थबकतो आणि पुढे निघतो. धक्का द्यायचा तो पुढे निघताना. लवकर दिलात तर आपल्याकडे येणारा झोपाळा मनगटावर बसतो. उशिरा दिलात तर झोपाळा निघून गेलेला असतो आणि आपण हवेला धक्का देऊन स्वतःचा तोल सांभाळत असतो. इंजिनात झोपाळ्याच्या जागी पिस्टन आहे, आणि धक्का देतो तो सिलिंडरमधला जाळ. पण हा जाळ आमच्या पुतण्यासारखा आहे. "अरे, जरा झोपाळा ढकल रे" म्हटल्यावर तो लगेच उठत नाही. आधी 'हो' म्हणतो, मग पुस्तक मिटतो, मग उठतो. प्लगवर ठिणगी पडली म्हणजे नुसती हाक मारून झाली. सगळं मिश्रण पेटून खरा जोर यायला त्यानंतर काही हजारांश सेकंद जातात. म्हणून पिस्टन वर पोचण्याच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. किती आधी, या प्रश्नाच्या उत्तराला टायमिंग म्हणतात.

झोपाळा वेगात असेल तर हाक आणखी आधी मारायला हवी, कारण पुतण्याचा आळस तेवढाच राहतो. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर इंजिन सावकाश गुरगुरत असेल, तर एका हजारांश सेकंदात क्रँक साडेतीन अंशांच्या जरासा पुढे जातो. ३००० फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात तो १८ अंश गेलेला असतो. यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात आणि ठिणगी आपोआप लवकर पडू लागते. फोर्डच्या 'मॉडेल टी'वर, म्हणजे १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या गाडीवर, हे काम माणसाकडे होतं. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला एक दांडी असे, आणि ती वर-खाली करून ड्रायव्हरनंच ठिणगी पुढे-मागे करायची. हँडल मारण्याआधी ती मागे घ्यायला विसरला, तर इंजिन उलटा हिसका देई आणि मनगट मोडे. मला ती पद्धत न्यायाची वाटते. चुकीच्या टायमिंगची शिक्षा चूक करणाऱ्याला, जागच्या जागी. हल्ली शिक्षा मालकाला होते, आणि तीही गॅरेजपासून पंचवीस कोसांवर.

आता ज्या इंजिनासाठी मी हे सगळं लिहितो आहे ते सांगतो. जीपचं 'हरिकेन' इंजिन. अमेरिकेत विलिस कंपनीनं ते १९५०मध्ये काढलं, आणि पुढे महिंद्रांच्या जीपमधून आणि जीपच्याच पोटच्या पिकअपमधून ते आपल्याकडच्या लाल मातीत चांगलं रुजलं. डिझेलचा सुळसुळाट होण्याआधी बागाईतदाराच्या दारात उभी असलेली पिकअप म्हणजे बहुधा हेच इंजिन. चार सिलिंडर, २२०० सीसी. मिश्रण आत घेणारी झडप डोक्यावर आणि धूर बाहेर सोडणारी बगलेत, अशी जरा विक्षिप्त पण अत्यंत सोशिक रचना. पेटण्याचा क्रम १-३-४-२. कंपनीचं पुस्तक सांगतं, पॉइंटचा गॅप ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. प्लगचा गॅप ०.०३० इंच. आणि टायमिंग, पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या ५ अंश आधी. संपलं. तीन आकडे. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून कैऱ्या खाणाऱ्या मुलांनासुद्धा हे तीन आकडे पाठ झाले असते. पण गॅरेजात ते सांगायला जावं, तर उत्तर येतं, "पुस्तकातली गाडी वेगळी, मास्तर, आणि रस्त्यावरची वेगळी."

हे वाक्य ऐकायला फार छान आहे. त्यात अनुभवाचा वास आहे. फक्त ते खोटं आहे. आणि ते का खोटं आहे, हे समजण्यासाठी कान नेमकं काय ऐकतो ते बघायला हवं.

गाडी गॅरेजात उभी आहे. गिअर न्यूट्रल, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, इंजिन रिकामं फिरतंय. अशा वेळी सिलिंडरमध्ये मिश्रण थोडंच येतं, आणि थोडं मिश्रण सावकाश जळतं. सावकाश जळणाऱ्याला हाक लवकर मारलेली आवडते. त्यामुळे तुम्ही ठिणगी जसजशी पुढे घ्याल तसतसं इंजिन खूश होत जातं. फेऱ्या वाढतात, आवाज गोड होतो, थरथर कमी होते. ५ अंशांवर बरं, १० वर छान, १५ वर तर काय विचारता! कान म्हणतो, 'वा!' आणि मिस्त्री तिथेच नट आवळतो. म्हणजे कानानं टायमिंग लावलं की ते नेहमी एकाच दिशेला चुकतं, पुढे. हा कानाचा दोष नाही. उभ्या गाडीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिनं प्रामाणिकपणे दिलेलं आहे. प्रश्नच चुकीचा विचारला होता. पिकअप काही गॅरेजात उभी राहून गोड आवाज काढण्यासाठी घेतलेली नसते. तशी हौस असेल तर बाजारात बाजाच्या पेट्या मिळतात.

आता त्याच गाडीत माल भरा आणि घाट चढू द्या. अ‍ॅक्सिलरेटर तळाला, वेग कमी, इंजिन तापलेलं, सिलिंडर मिश्रणानं गच्च भरलेला. गच्च मिश्रण भराभर जळतं. पुतण्या एकदम चपळ झाला आहे, आणि आपण मात्र त्याला गॅरेजातल्या हिशेबानं फार आधी हाक मारून ठेवली आहे. पिस्टन अजून वर येतोय आणि डोक्यावर जोर बसायला सुरुवात झालीसुद्धा. दाब आणि उष्णता इतकी वाढते की जाळ पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपलं आपण भडकतं. तेव्हा जो आवाज येतो, डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा, त्याला नॉकिंग म्हणतात. तो आवाज म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर पडणारे घण आहेत. फार वेळ चालले की रिंगांमधली कड तुटते, नाहीतर पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं.

हे मी शास्त्राच्या पुस्तकातून लिहीत नाही, आंबा घाटातून लिहितो आहे. १९८६च्या मे महिन्यात माझ्या आतेभावाची पिकअप हापूसच्या साठ पेट्या घेऊन रत्नागिरीहून कोल्हापूरला निघाली होती. दोनच दिवसांपूर्वी एका नावाजलेल्या मिस्त्रीनं तिचं टायमिंग कानानं लावून दिलं होतं आणि वर, "दादा, आता विमान झालाय बघा" असं प्रशस्तिपत्रही दिलं होतं. साखरप्यापर्यंत विमान ठीक होतं. घाटाच्या दुसऱ्या वळणावर खिळ्यांचा डबा वाजू लागला. आतेभाऊ थांबला, उतरला, ऐकलं. शेजारी बसलेला गडी म्हणाला, "टापेट वाजतायत. मिस्त्रीन सांगितलान होता, वाजतील म्हणून." म्हणजे आजार होण्याआधीच त्याचं खोटं नाव मिस्त्रीनं देऊन ठेवलं होतं! गाडी पुढे निघाली. घाटमाथा दोन वळणांवर असताना सायलेन्सरमधून निळा धूर आला, इंजिन तीन पायांवर लंगडू लागलं आणि मग बसलं. तीन नंबरच्या पिस्टनला करंगळी जाईल एवढं भोक.

आंब्याचा हंगाम आठ आठवड्यांचा. त्यातले चार पिकअपनं गॅरेजात काढले. साठ पेट्यांतला निम्मा माल रस्त्याच्या कडेलाच पिकला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या एस.टी.च्या प्रवाशांनी तो पडत्या भावानं नेला. वहिनींच्या पाटल्या त्या जूनमध्ये गहाण पडल्या, त्या सुटायला दोन हंगाम लागले. आणि मिस्त्री काय म्हणाला? "पेट्रोलात भेसळ होती." भेसळ असेलही, आपल्याकडे ती नसेल असं शपथेवर कोण सांगेल! पण त्याच पंपाचं पेट्रोल घालून त्याच घाटातून इतर दहा जीपगाड्या त्या आठवड्यात सुखरूप वर गेल्या होत्या. त्यांचे कान बहुधा कमी तीक्ष्ण असावेत.

आता 'जरासं पुढे' म्हणजे किती, याचाही हिशेब करून ठेवू. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. त्यामुळे त्याची बॉडी एक अंश फिरवली की इंजिनाचं टायमिंग दोन अंशांनी सरकतं. समजा, बॉडीचा व्यास सात सेंटिमीटर आहे. तिची कड नुसती दोन मिलिमीटर सरकली, तर क्रँकच्या हिशेबानं साडेसहा अंश झाले. पुस्तकातलं सगळं टायमिंग पाच अंशांचं, आणि मिस्त्रीच्या 'जरासं'चाच आकार साडेसहा अंश! सोनार जर 'जरासं' या मापानं सोनं तोलू लागला तर आपण त्याला दुकानाबाहेर ओढू. इथे आपण चहा मागवतो.

याहून मोठा अन्याय पुढेच आहे. बिघाड मुळात टायमिंगचा नसतोच. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट असतात, आणि ते उघडले की ठिणगी पडते. पॉइंटची फायबरची टाच फिरत्या कॅमवर घासत असते. ती हळूहळू झिजते. झिजली की गॅप कमी होतो. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात, आणि ठिणगी उशिरा पडू लागते. गाडी मंदावते, अ‍ॅव्हरेज जातं, इंजिन तापतं. मालक गॅरेजात येऊन म्हणतो, "पिकअपला पिकअप नाही." (हे वाक्य मराठीत अगदी शुद्ध आहे.) इथे मिस्त्रीनं काय करावं? टोपण काढून अर्ध्या मिलिमीटरची पत्ती घालून गॅप बघावा. पाच मिनिटांचं काम. पण टोपण काढायला दोन क्लिपा सोडाव्या लागतात. डिस्ट्रिब्युटर फिरवायला एकच नट. म्हणून तो बॉडी फिरवतो, ठिणगी पुढे घेतो, आणि गाडी धावते. रोग तसाच राहिला, आणि लक्षण तेवढं दाबलं.

सहा महिन्यांनी मालक दुसऱ्या गावात दुसऱ्या मिस्त्रीकडे जातो. हा जरा कामसू. तो टोपण काढतो, झिजलेले पॉइंट बघून 'अरेरे' करतो, नवे पॉइंट टाकतो, गॅप पुस्तकाप्रमाणे नीट अर्धा मिलिमीटर ठेवतो. आता पॉइंट पूर्ववत लवकर उघडतात. पण पहिल्या मिस्त्रीनं फिरवून ठेवलेली बॉडी कोणी मागे घ्यायची? एक अ‍ॅडव्हान्स जुना, एक नवा, असे दोन अ‍ॅडव्हान्स एकावर एक चढले. मालक खूश होऊन घाटाला लागतो आणि तिथे खिळ्यांचा डबा वाजू लागतो. शिव्या खातो तो दुसरा मिस्त्री, ज्यानं बिचाऱ्यानं अर्धं काम तरी बरोबर केलं होतं. पहिला अजूनही गावात 'कानाचा राजा' म्हणून मिरवत असतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: डिस्ट्रिब्युटर सगळ्यात शेवटी फिरवायचा असतो. आधी प्लग, मग पॉइंटचा गॅप, मग टायमिंग मोजून, आणि कान त्यानंतर. हा क्रम उलटा करणं म्हणजे मुंडावळ्या बांधून झाल्यावर स्थळ बघायला जाण्यासारखं आहे.

"पण मास्तर, मोजायचं कशानं? परदेशी यंत्रं लागतात त्याला!" असा एक कांगावा यावर नेहमी होतो. टायमिंग लाइट नावाचा दिवा मिळतो, आणि तो असला तर उत्तमच. पण नसला तरी जुन्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा एक बल्ब आणि दोन हात वायर एवढ्यावर काम भागतं. न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि दुसऱ्याला हँडलनं इंजिन सावकाश फिरवायला सांगा. अंगठ्यावर आतून हवा जोरात आली की एक नंबरचा पिस्टन दाब देत वर येतो आहे असं समजा. मग खूण बघा. कुठे ती पुढच्या पुलीवर असते, कुठे मागे फ्लायव्हीलवर, छोट्या खिडकीतून दिसणारी. तिच्यावर वर्षानुवर्षांचं ग्रीस बसलेलं असतं. ते रॉकेलनं पुसा आणि खडूनं रेघ ओढा. ५ अंशांची खूण काट्यासमोर आणा. पुढे गेली तर तशीच उलटी ओढू नका. चांगली मागे नेऊन पुन्हा पुढे आणा, म्हणजे गिअरांमधली ढिलाई मोजमापात शिरत नाही. आता बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या बारीक वायरीला, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. चावी चालू करा. नट सैल करून बॉडी आधी रोटर फिरतो त्या दिशेनं जराशी न्या, म्हणजे बल्ब विझेल. मग उलट दिशेनं हळूहळू आणा. ज्या क्षणी बल्ब पेटला, त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच नट आवळा. प्लग बसवा. संपलं. बल्बला घराणं नसतं, मूड नसतो, आणि तो पेटला की नाही यावर दोन मतं पडत नाहीत.

कान मात्र मी कापून टाकायला सांगत नाही. कानाला योग्य ती जागा द्या, एवढंच मागतो आहे. बल्बनं लावलेली गाडी माल भरून चढावर न्यावी, तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि मग ऐकावं. खिळ्यांचा डबा वाजला तर एक-दोन अंश मागे. जी गाडी ओझ्याखाली वाजते ती खरं बोलते. माझ्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री नेमकं असंच करत. आधी बल्ब, मग मालकाला शेजारी बसवून घाटाची दोन वळणं. येताना ते नेहमी म्हणत, "गाडीला गॅरेजात इचारू नये, घाटात इचारावी." त्यांचा कान मी कोणत्याही यंत्राहून श्रेष्ठ मानतो. पण त्यांनी तो बल्बनंतर वापरला, बल्बऐवजी नाही. वरून कानाच्या राजाचा शिष्य म्हणवणाऱ्यांना एवढीच गोष्ट दिसली, की ते डोळे मिटून ऐकतात. बल्ब त्यांच्या खिशात होता, तो कोणी पाहिला नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो मी मानतो. पुस्तकातले ५ अंश ज्या पेट्रोलसाठी लिहिले ते पेट्रोल आता राहिलं नाही. शिसं गेलं, इथेनॉल आलं, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल नॉकिंगला जास्त दाद देत नाही. तेव्हा पुस्तकाचा आकडा ही ब्रह्मदेवाची रेघ नव्हे. कबूल. पण आकडा बदलायचा तरी आधी तो कुठे आहे ते माहीत हवं. 'दोन अंश पुढे' म्हणायला आधी शून्य सापडायला लागतं. ज्याला आपण कुठे उभे आहोत ते ठाऊक नाही, त्यानं 'थोडं पुढे घ्या' म्हणणं म्हणजे अंधारात जिना उतरणाऱ्याला 'अजून एक पायरी आहे' असं गच्चीवरून सांगणं.

"थोडी खडखड चालायचीच" म्हणणारे एक उदार गृहस्थही असतात. त्यांना इतिहास सांगायला हवा. पॉइंट, कॉइल आणि बॅटरीची ही सगळी व्यवस्था १९१०च्या सुमारास चार्ल्स केटरिंग या अमेरिकन माणसानं कॅडिलॅक गाड्यांसाठी सिद्ध केली. पुढे गाड्या खडखडू लागल्या तेव्हा लोकांनी दोष त्याच्या इग्निशनला दिला. तो दोष पुसून काढायचा म्हणून त्यानं माणसं कामाला लावली, आणि त्यांतल्या टॉमस मिजली यानं १९२१मध्ये उपाय शोधला: पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळा. खडखड थांबली, आणि शिसं जगभरच्या पोरांच्या रक्तात उतरलं. आपल्याकडे ते पेट्रोल २०००मध्ये बंद झालं. जगातल्या शेवटच्या पंपावर, अल्जीरियात, ते संपायला २०२१ उजाडलं. ज्या खडखडीला दाबण्यासाठी जगानं शंभर वर्षं विष खाल्लं, ती 'थोडी चालायचीच' असं म्हणणाऱ्या माणसाच्या उदारपणापुढे मी हात जोडतो.

राहता राहिले ते आधुनिक लोक. "आता कुठे राहिले पॉइंट नि डिस्ट्रिब्युटर! सगळं कॉम्प्युटरवर असतं." बरोबर आहे. नव्या गाडीत फिरवायला काही ठेवलेलंच नाही, आणि त्याबद्दल मी त्या कारखानदारांचा आभारी आहे. पण त्या कॉम्प्युटरला काम कसं शिकवलं आहे ते तरी बघा! कोणत्या वेगाला आणि किती ओझ्याला ठिणगी किती अंश आधी टाकायची, याचा मोजून केलेला तक्ता त्याच्या पोटात असतो. शिवाय इंजिनाच्या अंगावर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, त्याचं काम फक्त नॉकिंग ऐकण्याचं. वाजलं की ठिणगी मागे, थांबलं की हळूहळू पूर्ववत. म्हणजे आधी आकडा, मग कान. आणि तोही इंजिनाला प्रत्यक्ष ओझं ओढताना लावलेला कान. आमच्या घाटातल्या वृद्ध मिस्त्रींनी कोणत्याही कारखान्यात पाऊल न ठेवता जे केलं, तेच जपान-जर्मनीच्या इंजिनिअरांनी शेवटी केलं. 'डोळे मिटून हां म्हणणे' हा भाग मात्र त्यांनी घेतला नाही. त्यांना तो परवडत नसावा.

या सगळ्यात एकट्या मिस्त्रीला सुळावर चढवणं बरं नव्हे. गिऱ्हाईकही कमी नाही. त्याला गाडी पाच मिनिटांत हवी असते, पैसे चहापुरते द्यायचे असतात, आणि गॅरेजच्या दारातच 'पिकअप' वाढलेला हवा असतो. पत्तीनं गॅप मोजणारा, खूण पुसणारा, बल्ब लावणारा माणूस त्याला अडाणी वाटतो. 'याला अजून बल्ब लागतो!' असं तो हिणवतो, आणि डोळे मिटणाऱ्याकडे जातो. जे गिऱ्हाईक मोजणाऱ्याला पैसे देत नाही, त्याच्या वाट्याला ऐकणारेच येतात.

काही जणांनी त्या जुन्या पेट्रोल पिकअप अजून जिवापाड जपल्या आहेत. त्यांना शेवटचं सांगतो. तुमच्या डिस्ट्रिब्युटरकडे कोणाचीही मूठ निघाली की ती वाटेत थांबवा आणि विचारा: पॉइंटचा गॅप बघितला का? आत्ता टायमिंग किती अंशांवर आहे? आणि लावून झाल्यावर माझ्याबरोबर माल भरून चढावर येणार का? तो चिडेल. "कालपासून गाडी शिकलात काय?" असंही म्हणेल. आजूबाजूचे सगळे त्याच्या बाजूनं होतील, कारण तमाशा अर्धवट राहिलेला कोणालाच आवडत नाही. तुम्ही खिशातून बल्ब काढा, वायरी सोडवा, आणि "थोडं पुढे घ्या!" म्हणणाऱ्या त्या मागच्या गृहस्थाला शांतपणे सांगा, की आपणच थोडं मागे घ्या, इथे उजेड अडतोय.